शंभरला चौदा

हिल्का सालोवारा गाडीतून उतरली नाही.
काच खाली केली आणि म्हणाली,
"राइमो, हिला भस्म्या झालाय."

एकोणनव्वदची व्होल्वो, चौकोनी, शेवाळी हिरवी,
माझ्या गॅरेजपेक्षा दोन वर्षांनी मोठी.
कप्प्यात तीन निळ्या वह्या, रबर लावलेल्या:
तारीख, लिटर, किलोमीटर, भागाकार.
लिटरला किती धावली ते इथे कुणी विचारत नाही,
शंभर किलोमीटरला किती प्यायली, ते विचारतात.
तीस वर्षं वेइक्कोचं अक्षर, तिरकं, शिसपेन्सिलीचं:
नऊ पूर्णांक आठ. दहा. नऊ पूर्णांक नऊ.
मग एका नोव्हेंबरात बॉलपेन येतं
आणि आकडे चढू लागतात,
अकरा, साडेबारा, चौदा.

मी काही बोललो नाही. बॉनेट उघडलं.

आरागिरणीपर्यंत एक चक्कर मारून आणली,
मग चारी चाकांवर तळवा ठेवत फिरलो,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.
मागचं डावं कढत.
ब्रेक कायम अर्धा लागलेला, गंजून तसाच धरलेला.
टायरमध्ये हवा कमी.
डिकीत वाळूची दोन पोती,
बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून.
जून अर्धा संपला होता.
"असू देत ती," हिल्का म्हणाली. "त्याने भरलीत."

हवेची जाळी स्वच्छ.
प्लग काढले तर चारही तव्याच्या बुडासारखे काळे.
म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय.
म्हणजे अजून कुठेतरी पाणी मुरतंय.

मॅनिफोल्डखाली, बोटं पोचत नाहीत तिथे,
एक पितळी सेन्सर असतो.
इंजिन किती तापलं ते वर कळवायचं, एवढंच त्याचं काम.
मीटर लावला. सव्वीस हजार ओम.
तक्ता पाहिला: उणे तीस.
बाहेर डासांचे ढग, रात्रीचे दहा वाजले तरी
सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता,
इंजिनावर हात ठेववत नव्हता,
आणि हा पठ्ठ्या आत सांगत बसलेला,
कडाका पडलाय, आणखी घाल, आणखी घाल.

एक वाक्य अगदी ओठांवर आलं होतं माझ्या.
गिळलं.
गॅरेजमध्ये असली वाक्यं बोलायची नसतात,
गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे जातं.

सेन्सर बदलला, ब्रेक सोडवला, हवा भरली.
बिल लिहिताना वही पुन्हा चाळली,
या वेळी किलोमीटरचा रकाना.
दोन टाक्यांच्या मध्ये आता तीन-तीन महिने.
दुकान, दवाखाना, दफनभूमी.
चार किलोमीटर जायचं, बंद करायचं,
चार किलोमीटर यायचं.
एवढ्यात कुठलंच इंजिन तापत नाही, नवंसुद्धा.
याचे पैसे कसे लावणार?

"कधीतरी लांब ने हिला," मी म्हटलं.
"कुठे?"
ती खरंच विचारत होती.
माझ्याकडे या गाडीचं साडेचारशे पानांचं मॅन्युअल आहे.
मी नुसता हात पुसत राहिलो,
स्वच्छ झाल्यावरही.

सप्टेंबरात ती ऑइल बदलायला आली.
वहीत नवी ओळ: दहा पूर्णांक एक.
गावाचं नाव नाही. वेइक्कोही लिहायचा नाही.
मीही विचारलं नाही.
जॅक काढायला डिकी उघडली
तर आत वाळूचं एकच पोतं,
दुसऱ्याच्या जागी चटईला चिकटलेली
तपकिरी शेवाळाची पट्टी, वाळून चामड्यासारखी झालेली,
बोट लावलं तर खारट.
आमच्या तळ्यात असलं काही उगवत नाही.
उत्तरेचा समुद्र इथून पाचशे किलोमीटर, एका बाजूने.

डिकी हळूच लावली.
गाडी वर घेतली, खाली पिंप सरकवलं,
जुनं ऑइल निथळू दिलं.